सात दिवसांचा शागीर्द

सरकारी योजनेच्या कागदाला आपण साहित्य मानत नाही. पण त्यातही पात्रं असतात, काळ असतो, गृहीत धरलेली एक गोष्ट असते आणि वगळलेली माणसं असतात. कादंबरी वाचताना आपण विचारतो, की यात कोण बोलतंय आणि कोणाला लेखकाने दारातच थांबवलंय. हाच प्रश्न घेऊन एक कागद वाचून पाहू.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेला मंजुरी दिली आणि १७ सप्टेंबरला, विश्वकर्मा जयंतीला, ती सुरू झाली. पाच वर्षं, १३,००० कोटी रुपये, १८ पारंपरिक व्यवसाय. हेतू सांगताना गुरू-शिष्य परंपरेला बळ देण्याची भाषा होती. या योजनेत प्राथमिक प्रशिक्षणाची मुदत आहे ५ ते ७ दिवस. ज्याला पुढे शिकायचंय त्याला आणखी १५ दिवस.

गुरू-शिष्य परंपरा आणि सात दिवस हे दोन शब्दप्रयोग एकाच कागदावर शेजारी बसलेत आणि कुणाला त्यात काही खटकलेलं दिसत नाही. हा लेख त्या खटक्याबद्दल आहे. जुन्या इमारती ज्या कौशल्यांवर उभ्या आहेत (दगड घडवणं, चुना मळणं, लाकडाचे सांधे जुळवणं), ती शिकवण्यासाठी आपण पैसे कसे देतो, कोणाला देतो, आणि देताना कोणती गोष्ट मनात धरलेली असते?

कागदावरची पात्रं

योजना काय देते ते आधी सरळ सांगतो. नोंदणी झाली की प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. मग कौशल्याची पडताळणी आणि प्रशिक्षण, त्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन. अवजारांसाठी १५,००० रुपये. तारणाशिवाय, दोन टप्प्यांत मिळून ३ लाखांपर्यंत कर्ज, ५ टक्के व्याजाने. चालू धंदा असलेल्या शिंप्याला, कुंभाराला, नाभिकाला हे उपयोगी आहे. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. त्यामुळे योजना फसवी आहे असं मला म्हणायचं नाही.

पण पात्रतेच्या अटी वाचा. अर्जदार १८ वर्षांवरचा हवा. तो यादीतल्या, कुटुंबात चालत आलेल्या व्यवसायात आधीपासून काम करत असला पाहिजे, तेही स्वतःच्या जोरावर. एका कुटुंबातून एकालाच लाभ. म्हणजे दार उघडतं ते ज्याला काम येतं त्याच्यासाठी. ज्याला अजून काम येत नाही पण शिकायचंय, अशा माणसाचं पात्रच या गोष्टीत नाही. गुरू आहे, परंपरा आहे, शिष्य गायब आहे. आणि गुरूचंही कागदावरचं नाव ‘लाभार्थी’ असं आहे, म्हणजे देणारा नाही, घेणारा.

व्यवसायांची यादीही बोलकी आहे. मूर्ती घडवणारा, दगडात कोरीवकाम करणारा आणि खाणीत दगड फोडणारा हे तिघं एका रकान्यात आहेत. राजमिस्त्री वेगळा आहे, पण सिमेंटचं काम करणारा आणि चुन्याचं काम करणारा यांत फरक नाही. चुना भाजणारा तर १८ जणांत कुठेच नाही. जुन्या भिंतीच्या बाजूने पाहिलं तर ही यादी भिंत न पाहता केलेली वाटते.

यावर कुणी म्हणेल, की ही योजना वारसा जतनासाठी नाहीच, ती रोजगारासाठी आहे. बरोबर. पण मग वारशाच्या कौशल्यांसाठी शिकणाऱ्याच्या हातात थेट पैसे देणारी, इतक्या मोठ्या रकमेची दुसरी योजना दाखवा. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, पण तो आस्थापना गृहीत धरतो. स्वतःच्या थापीवर पोट असलेला गवंडी म्हणजे आस्थापना नव्हे.

चुन्याचं वेळापत्रक

जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह ११ महाराष्ट्रातले आणि तामिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यात तुमच्याही फोनवर रील्सचा पाऊस पडला असेल: ड्रोन, ढग, ढोल. तट दिसले. तटाच्या दोन दगडांमध्ये काय आहे ते कुणी दाखवलं नाही.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदतो, वाफा सोडतो, फुटतो. मग तो हौदात ओला ठेवून मुरवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मग घाणीत वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून दळायचा. ठिकठिकाणच्या पद्धतीप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी पडतं. भिंतीवर गेल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो हळूहळू पुन्हा दगड होतो. गिलावा पातळ थरांत द्यायचा, प्रत्येक थर ओला राखायचा. कडक उन्हात भराभर सुकला तर तडे जातात.

हे काम पुस्तकात लिहिता येतं, पण बोटांना कळायला वेळ लागतो. मसाला कधी ‘आला’ हे थापीवरून तो कसा सुटतो त्यावरून ठरतं. एप्रिलमधला मसाला आणि डिसेंबरमधला मसाला वेगळा वागतो, कोकणातला आणि देशावरचा वेगळा. म्हणजे शिकणाऱ्याने किमान एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्याच भिंतीपाशी काढायला हवा. आज विझवलेला चुना सात दिवसांत नीट मुरलेलाही नसतो, आणि त्याच सात दिवसांत माणसाचं प्रशिक्षण संपलेलं असतं.

हे न शिकल्याने काय होतं? दगड-चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि सांध्यांतल्या चुन्यातून बाहेरही पडते. घाईत कुणी ते सांधे सिमेंटने बुजवले की ओलीला दगडातूनच वाट काढावी लागते. जाताना ती क्षार मागे ठेवते. क्षारांचे खडे दगडाच्या पृष्ठभागाखाली वाढतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी दिसतं असं, की सिमेंटच्या रेघा शाबूत आहेत आणि मधला दगड झिजून आत गेलाय. त्या दुरुस्तीचं बिल केव्हाच मंजूर झालेलं असतं.

आधी पैसे कोण द्यायचं?

‘पूर्वी कुठे होत्या योजना? तरीही कारागीर घडतच होते ना!’ हे वाक्य वारसाप्रेमी मंडळींकडून हमखास ऐकू येतं. खरं आहे. पण तेव्हाही या शिक्षणाला पैसा लागत होता. तो कुठून यायचा हे विचारलं की वारशाचं गोड चित्र बिघडतं.

तो यायचा मुलाच्या फुकट श्रमांतून. आठ-दहा वर्षांचं पोर बापाबरोबर कामावर जायचं. पाणी आणायचं, चुना चाळायचं, छिन्नीला धार लावून आणायचं. त्याला मजुरी नव्हती. त्याची शाळा बुडाली किंवा कधी सुरूच झाली नाही, तीच त्या शिक्षणाची फी. आणि इतकी वर्षं फुकट राबून ते पोर दुसरीकडे जाणार नाही याची हमी जात द्यायची. सुताराचा मुलगा सुतार, पाथरवटाचा पाथरवट. बाबासाहेबांनी १९३६मध्ये, लाहोरला होऊ न शकलेल्या भाषणात, हेच दाखवून दिलं होतं: जात फक्त कामं वाटत नाही, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडते, आणि कुवत किंवा आवड न विचारता जन्मावरून धंदा गळ्यात बांधते.

दगडाशी पिढ्यान् पिढ्या नातं असलेले समाज आज कुठे आहेत? महाराष्ट्राच्या सरकारी यादीत वडार विमुक्त जातींत मोडतात आणि बेलदार भटक्या जमातींत. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे आणि ते पाहून आपल्याला भरून येतं. त्यांच्या हाताखाली घण आणि छिन्नी चालवणाऱ्यांची नावं दगडावर आली नाहीत.

तेव्हा पाथरवटाची मुलगी आज परिचारिका व्हायला निघाली, सुताराचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकतो म्हणाला, तर त्यात ‘परंपरा लोप पावतेय’ म्हणून हळहळण्यासारखं काही नाही. त्यांनी फुकट राबायला नकार दिलाय. कौशल्य टिकवायचं असेल तर जातीने जे ओरबाडून घेतलं ते आता मोल देऊन मिळवावं लागेल. शिकण्याच्या वर्षांचा पगार द्यावा लागेल.

तामिळनाडूचं उत्तर

तामिळनाडूने हा जातीचा धागा ओळखला. नोव्हेंबर २०२४मध्ये मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी केंद्राला कळवलं, की सध्याच्या स्वरूपात ही योजना राज्य राबवणार नाही. कुटुंबाच्या व्यवसायाची अट काढा आणि किमान वय १८ऐवजी ३५ करा, अशी त्यांची सूचना होती. १८ वर्षांच्या मुलाला कॉलेजऐवजी वडिलांच्या धंद्यात ढकलणारं कर्ज नको, हा त्यामागचा विचार. पुढे एप्रिल २०२५मध्ये राज्याने ‘कलैज्ञर कैविनै’ ही स्वतःची योजना आणली. त्यात २५ व्यवसाय आहेत, किमान वय ३५ आहे आणि घराण्याची अट नाही.

ही टीका मला पटते. पण उत्तर अर्धं वाटतं. ३५ वर्षांची अट तरुणाला जातीच्या धंद्यापासून वाचवते, पण त्याच वेळी कुठल्याही जातीच्या, स्वतःहून दगडाकडे वळू पाहणाऱ्या २० वर्षांच्या मुलीला बाहेर ठेवते. केंद्राच्या कागदात शिकणारी व्यक्ती म्हणजे घरचा वारस, राज्याच्या कागदात शिकण्याचं वय उलटून गेलेली व्यक्ती. दोन्ही सरकारं पैसे देतायत ते आधीच शिकलेल्याला. हस्तकौशल्य हे शिक्षण असू शकतं, ते निवडता येतं, त्यासाठी शिष्यवृत्ती असू शकते, ही कल्पना दोन्ही कागदांवर आलेली नाही.

जिथे भिंतीनेच शिकवलं

ती कल्पना प्रत्यक्षात आल्याची उदाहरणं मात्र आहेत. त्यांतलं सगळ्यात जवळचं दिल्लीत. हुमायूनच्या मकबऱ्याचं काम आगा खान ट्रस्टने टाटांच्या ट्रस्टच्या मदतीने २००७ ते २०१३ या काळात केलं. छतावर विसाव्या शतकात थापलेलं सुमारे १० लाख किलो काँक्रीट उतरवलं, आतला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा दिला. कारागिरांचे २ लाखांहून अधिक कामाचे दिवस त्यात गेले. रंगीत कौलांचं, म्हणजे टाइल्सचं, कसब इथे उरलं नव्हतं. त्यासाठी उझबेकिस्तानातून उस्ताद आले आणि शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना त्यांनी ते शिकवलं. वेगळा वर्ग नव्हता. काम हाच वर्ग होता, आणि काम वर्षानुवर्षं चाललं म्हणून शिकणंही चाललं.

मुंबईतही असं घडून गेलंय. १८७८ ते १८८८ या काळात उभ्या राहिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या सीएसएमटीच्या, सजावटीत जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. लोकलमधून उतरून धावताना वर पाहिलंत तर विद्यार्थ्यांचं काम दिसेल. साम्राज्याला स्वतःचा दिमाख मिरवायचा होता हे खरंच. पण एवढ्या मोठ्या सार्वजनिक इमारतीवर शिकणारे हात चालू दिले गेले होते.

जपानात इसे इथलं शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी नव्याने बांधतात. २०१३मध्ये ६२व्यांदा बांधलं, पुढची पाळी २०३३ची. विशीतला उमेदवार चाळिशीत जाणता होतो आणि साठीत मार्गदर्शक. १९७५मध्ये जपानने आपल्या वारसा कायद्यात बदल करून जतनासाठी लागणाऱ्या तंत्रांनाच संरक्षण दिलं. म्हणजे देऊळ वारसा आहेच, शिवाय त्याचं छप्पर शाकारण्याची विद्याही वारसा आहे.

ब्रिटनमध्ये २००५च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा एकट्या इंग्लंडमध्ये १९१९पूर्वीच्या सुमारे ५० लाख इमारती होत्या आणि त्या राखणारे हात कमी पडत होते. तिथे लॉटरीच्या पैशांतला एक वाटा वारशासाठी जातो. त्यातून शिकणाऱ्यांना विद्यावेतन देऊन प्रत्यक्ष कामावर, जाणत्या कारागिराच्या हाताखाली ठेवण्याची पद्धत सुरू झाली. विल्यम मॉरिसने १८७७मध्ये स्थापन केलेली जुन्या इमारतींची संस्था तर एक पाऊल पुढे जाते. ती तयार कारागिरांना सहा महिन्यांची फेलोशिप देते, देशभर फिरून इतरांची कामं पाहण्यासाठी. आपल्याकडे अशी चैन संशोधकाला मिळते, गवंड्याला नाही.

या सगळ्यांत सारखी गोष्ट एकच: पैसा वेळेसाठी दिला गेला, आणि ती वेळ खऱ्या इमारतीवर खर्च झाली.

तीन लाखांचा हिशेब

आता आपल्याच आकड्यांनी हिशेब मांडू. रोज ५०० रुपये हा दर सरकारनेच ठरवलाय. वर्षाचे ३०० दिवस धरले तर दोन वर्षांचं विद्यावेतन होतं ३ लाख रुपये. म्हणजे योजनेत कर्जाची जी कमाल मर्यादा आहे नेमकी तेवढीच रक्कम. आज ती रक्कम कारागिराला व्याजाने मिळते. तेवढ्यातच एक माणूस दोन वर्षं, सहा ऋतू, भिंतीपाशी शिकू शकतो.

हा पैसा आणायचा कुठून? रायगड आणि परिसराच्या विकासासाठी राज्याने सुमारे ६०० कोटींचा आराखडा मंजूर केलेला आहे. त्याचा १ टक्का म्हणजे ६ कोटी. तेवढ्यात २०० जण दोन वर्षं शिकतील. १ टक्का ही कल्पना नवीनही नाही. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बांधकामाच्या खर्चावर १९९६च्या कायद्याखाली इतकाच उपकर घेतला जात होता.

खरी अडचण निविदेत आहे. सरकारी काम साधारणपणे सर्वांत कमी दर भरणाऱ्याला जातं. दरसूचीत दगडकामाला घनमीटरचा दर असतो, गिलाव्याला चौरस मीटरचा. शिकाऊ हाताने दोनदा उतरवून तिसऱ्यांदा दिलेल्या गिलाव्याला दर नसतो. कंत्राटदाराच्या नजरेत शिकणारा म्हणजे वाया गेलेला चुना आणि लांबलेली मुदत. कमी दराच्या शर्यतीत तो पहिला कापला जाणार, आणि त्यासाठी कंत्राटदाराला दोष देऊन उपयोग नाही.

म्हणून शिकण्याचा खर्च निविदेत वेगळी बाब म्हणून यायला हवा, ठरावीक रकमेचा, ज्यावर कुणी कमी बोली लावू शकणार नाही. शिकवणाऱ्या कारागिराला मजुरीशिवाय शिकवण्याचे पैसे वेगळे. शिकणाऱ्याला जात आणि घराणं विचारायचं नाही. आणि बायकांचं काय, हे पहिल्याच दिवशी ठरवायचं. बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या, वाळू चाळणाऱ्या, मसाला कालवणाऱ्या बायका सगळीकडे दिसतात. थापी त्यांच्या हातात क्वचित येते. मसाला ‘आला’ की नाही हे त्यांच्यातल्या कित्येकींना आत्ताच कळत असेल. त्यांना ‘हेल्पर’च्या दरातून बाहेर काढणं हा प्रशिक्षणाचा सगळ्यात स्वस्त मार्ग ठरू शकतो.

एक शंका उरते: शिकून पुढे काम मिळेल का? गडांची कामं युनेस्कोच्या शिक्क्यानंतर वाढणारच आहेत. त्यापलीकडे देवळं, मशिदी, चर्चेस, घाट, बारवा, सरकारी कचेऱ्या झालेले जुने वाडे आहेत. काम आहे, ते आज सिमेंटवाल्याकडे जातं. प्रशिक्षित हातांशिवाय संरक्षित इमारतीचं काम देणार नाही, अशी अट निविदेत आली की मागणी तयार होते. शिष्यवृत्ती आणि ही अट बरोबरच यायला हवी. नुसती शिष्यवृत्ती दिली तर दोन वर्षांनी २०० बेरोजगार तयार होतील, नुसती अट घातली तर बनावट प्रमाणपत्रं.

गडावर दुरुस्ती चालू असेल तिथे कामाचा फलक शोधा. कामाचं नाव, मंजूर रक्कम, कंत्राटदार, मुदत हे तपशील त्यावर असायला हवेत. त्याचा फोटो काढा आणि माहितीच्या अधिकारात, १० रुपयांच्या अर्जात, संबंधित खात्याला दोन प्रश्न विचारा: या कामावर चुन्याचं काम किती जण शिकतायत, आणि त्यांना शिकण्याचे किती पैसे मिळतायत? उत्तर बहुधा ‘निरंक’ असं येईल. ते उत्तर रीलमध्ये टाका, ड्रोनच्या शॉटनंतर.